बेरजेचा रकाना

मानपाडे दोन आहेत. एक ठाण्याचा, घोडबंदर रोडवरचा. दुसरा आमचा, डोंबिवली पूर्वेचा, कल्याण-शीळ रस्त्याला टेकलेला. लॅमिंग्टन रोडवरून निघालेलं चिपांचं पार्सल आधी ठाण्याचा मानपाडा पाहून मग आमच्याकडे यायचं, आणि वर कुरियरवाला आम्हालाच ऐकवायचा की पत्ता नीट लिहीत जा. असो. डोंबिवली एमआयडीसी म्हटलं की लोकांना रसायनांचे कारखाने आठवतात, पण त्याच पट्ट्यातल्या गाळ्यांमध्ये टायमर, टेंपरेचर कंट्रोलर, पंपांची पॅनेलं, वजनकाट्यांची कार्डंही बनत आली आहेत. मी त्या लायनीतला. आमच्या धंद्याचा इतिहास लिहायला कोणी बसणार नाही, म्हणून त्यातली एक बारीकशी गोष्ट मीच सांगतो: लिहिलेला प्रोग्रॅम चिपमध्ये मावतो की नाही, हे बघायची रीत.

मी कामाला लागलो तेव्हा आमच्या कार्डावर इंटेलचा ८०३१ असायचा. १९८० साली आलेल्या ८०५१चा हा गरीब भाऊ. ८०५१च्या पोटात ४ केबी रॉम, याच्या पोटात काहीच नाही. प्रोग्रॅम शेजारच्या ईप्रॉममध्ये ठेवायचा. आमची ईप्रॉम २७३२, म्हणजे ४०९६ बाइट. डोक्यावर काचेची खिडकी. पुसायची तर अतिनील दिव्याच्या पेटीत पंधरा-वीस मिनिटं ठेवायची, भरून झाली की खिडकीवर स्टिकर. सगळं असेंब्लीत लिहायचं. असेंब्लर शेवटी लिस्टिंग द्यायचा आणि आमचे सर तो छापील ताव उलगडून थेट शेवटच्या पानावर जायचे. तिथला शेवटचा पत्ता शून्य-एफ-एफ-एफच्या आत असला, की चहा.

बाहेर गेला तर पंचाईत. मग ८ केबीची २७६४ घ्या. ती महाग तर होतीच, पण खरी गोम वेगळी: २७३२ला पाय चोवीस, २७६४ला अठ्ठावीस. म्हणजे सॉकेट वेगळं, पीसीबी वेगळा, आर्टवर्क पुन्हा. एका बाइटपायी अख्खं कार्ड बदलायचं. म्हणून सर पेन्सिल घेऊन बसायचे. ही डिलेची रुटीन दोन ठिकाणी आहे, एक उडव. हा लांब जंप तीन बाइट खातो, टप्प्यात असेल तर आखूड कर, एक बाइट वाचेल. कारखान्यात भंगाराचा हिशेब ठेवतात त्याच गांभीर्यानं आम्ही बाइटचा हिशेब ठेवायचो.

आमच्याकडे हे जे पेन्सिलीनं चालायचं, त्यासाठी अमेरिकेत कधीच एक कमांड लिहून झाली होती. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं युनिक्स ज्या पीडीपी-११वर वाढलं, त्या मशीनची मेमरी होती २४ केबी. त्यातली १६ सिस्टिमला, उरलेली ८ तुमच्या प्रोग्रॅमला. युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१, आणि 'साइज' ही कमांड त्याच सुरुवातीच्या आवृत्त्यांमधली. त्या २४ केबीशी आपल्याकडची तुलना हवी तर कुलाब्याचा टिफ्रॅक घ्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६०मध्ये सुरू झालेलं हे मशीन; नेहरूंनी १९६२ साली त्याला हे नाव दिलं. त्याची मेमरी ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे बरोबर १० केबी.

'साइज' प्रोग्रॅम चालवत नाही. कंपाइल झालेल्या फाइलच्या कपाळावर जी माहिती लिहिलेली असते तेवढी वाचते आणि तीन आकडे सांगते. टेक्स्ट म्हणजे प्रत्यक्ष सूचना. डेटा म्हणजे सुरुवातीची किंमत दिलेले व्हेरिएबल. बीएसएस म्हणजे ज्यांना शून्यानं भरलेली जागा फक्त हवी ते. फाइलमध्ये त्यांचं काहीच नसतं, नुसता आकडा. बीएसएस हे नाव युनिक्सहूनही जुनं, पन्नासच्या दशकात आयबीएम ७०४साठी युनायटेड एअरक्राफ्ट कंपनीत लिहिलेल्या असेंब्लरमधलं. तिघांची बेरीजही कमांडच करून देते. १९७९च्या सातव्या आवृत्तीत ती दशमान आणि अष्टमान अशी दोन्हींत छापली जायची. आजचं जीएनयूचं 'साइज' दशमान आणि षोडशमान छापतं, तरी उणे-ओ लिहिलंत तर अष्टमान अजून मिळतं.

मला यातल्या बेरजेबद्दलच बोलायचंय. पीडीपी-११वर तिन्ही गोष्टी एकाच कोअर मेमरीत जायच्या. ८ केबीत मावतं का, याचं उत्तर त्या एका आकड्यात होतं. आमच्या चिपांचं तसं नाही. सूचना ईप्रॉममध्ये किंवा पुढे आलेल्या फ्लॅशमध्ये, व्हेरिएबल रॅममध्ये. दोन वेगळी घरं.

दोन हजारनंतर एव्हीआर चिपांसाठी विनएव्हीआर आलं, फुकट कंपायलर मिळाला आणि त्याच्यासोबत 'एव्हीआर-साइज' आपसूक आमच्या गाळ्यात आली. त्याची तयार मेकफाइल प्रत्येक बिल्डच्या आधीचा आणि नंतरचा आकार स्वतःहून छापायची. एटीमेगा८वरचं एक काम, फ्लॅश ८१९२ बाइट, रॅम १०२४. पडद्यावर आलं: टेक्स्ट ७६१२, डेटा ४८, बीएसएस ८०६, बेरीज ८४६६. नवीन पोरगा हबकला. ''सर, मावत नाही!'' सी भाषेवरचं कानेटकरांचं 'लेट अस सी' कोळून प्यायलेला मुलगा, पण चिपवर पहिल्यांदाच बसलेला. त्याला म्हटलं, बेरजेवर बोट ठेव आणि उरलेलं बघ. फ्लॅशमध्ये जातं टेक्स्ट अधिक डेटा: ७६६०. मावतंय, वर ५३२ उरले. रॅममध्ये जातं डेटा अधिक बीएसएस: ८५४. डेटा दोन्हीकडे, कारण सुरुवातीच्या किमती फ्लॅशमध्ये राहतात आणि वीज आली की रॅममध्ये उतरतात. आता रॅम किती उरली? १७०. स्टॅकचा आकडा 'साइज' सांगत नाही, आणि तो ह्याच १७०मध्ये बसवायचा आहे. खरी भीती तिथे आहे, तू घाबरलास ती जागा चुकीची.

तसं त्या कंपायलरच्या मंडळींनाही हे खटकलं असावं. त्यांनी आपल्या 'साइज'मध्ये एक फॉरमॅट घातला, त्यात चिपचं नाव द्यायचं की प्रोग्रॅम ९३.५ टक्के, डेटा ८३.४ टक्के असं सरळ उत्तर. पुढे आर्डुइनो आलं. त्यात खाली जी 'इतके बाइट वापरले' ओळ उमटते, तीही पडद्याआड हीच कमांड चालवून. आता ती हातानं टाइप करणारा विरळा.

मी करतो. परवाच एका पंपाच्या पॅनेलवर गिऱ्हाइकानं मराठी संदेश मागितले, 'विहिरीत पाणी नाही', 'फेज गेला', असले. एसटीएम३२ची लहान चिप, फ्लॅश ३२ केबी, रॅम ४ केबी. सोळा बाय सोळाचं एक अक्षर ३२ बाइट खातं. बाराखडीचे तुकडे, काना-मात्रा, जोडाक्षरं धरून टेबल १२८ आकृत्यांवर नेलं आणि 'साइज' मारली. न बदलणारं टेबल सूचनांसोबत टेक्स्टमध्येच मोजलं जातं, म्हणून टेक्स्ट ४०९६नं वाढलं, डेटा आणि बीएसएस जागचे हलले नाहीत. म्हणजे रॅमला धक्का नाही, पण सर ज्यात अख्खा कंट्रोलर बसवायचे तेवढी जागा नुसत्या अक्षरांनी घेतली. 'क्ष' आणि 'ज्ञ' ठेवले. 'ङ' आणि 'ञ' काढले, पंपाला ते लागत नाहीत.