चार दिवसांची मात्रा

कर्करोगाच्या अनेक औषधांत गुणकारी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडे असते. १९९४ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे बेट्सी लेहमन या पत्रकार महिलेला स्तनाच्या कर्करोगासाठी सायक्लोफॉस्फामाइड दिले जात होते. चार दिवसांची एकूण मात्रा एका दिवसाची समजली गेली. चौपट औषध सलग चार दिवस गेले आणि त्या दगावल्या. डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट, कोणाच्याच ते लक्षात आले नाही. चूक उमगली १९९५च्या फेब्रुवारीत, नोंदी पाहताना.

त्यानंतर औषधाची चिठ्ठी मूळ उपचारयोजनेशी ताडून पाहणे आणि शंका आल्यास डॉक्टरांना थांबवणे या फार्मासिस्टच्या कामाचे मोल ठळक झाले. १९९६ मध्ये अमेरिकेत कर्करोग-फार्मसीला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली.

एकक न लिहिल्यास आपण मुलांचे गुण कापतो, ते उगाच नव्हे.