विदुराचे धनुष्य आणि पवनारचे भाषण

विदुराची कथा आपणांपैकी बहुतेकांनी देवळाच्या सभामंडपात पुराणिकबुवांच्या मुखातून ऐकलेली असते. पांडवांचा वाटा त्यांस द्यावा व कुलाचा नाश टाळावा, असे तो बोलला. दुर्योधनाने त्याचे म्हणणे खोडून काढण्याच्या भानगडीत न पडता त्याला दासीपुत्र म्हटले, ज्यांचे अन्न खातो त्यांच्याच वाइटावर टपलेला म्हटले, आणि नगराबाहेर हाकलण्यास सांगितले. विदुराने धनुष्य दाराशी ठेविले व तो तीर्थयात्रेस निघाला, असे भागवतात वर्णन आहे. युद्ध नको म्हणणाऱ्याचे मत बाजूस राहते आणि त्याच्या निष्ठेची झडती सुरू होते, ही रीत इतकी जुनी आहे.

आमच्या इतिहासात हा प्रश्न सर्वांत स्वच्छ रूपाने उभा राहिला तो १७ ऑक्टोबर १९४० रोजी, वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी पवनार या खेड्यात. वक्ते होते विनोबा भावे. जन्म कुलाबा जिल्ह्यातील गागोद्याचा, परंतु शिक्षण बडोद्याचे. तेव्हा बडोदेकर वाचकांस ते आपले वाटावेत हे स्वाभाविक आहे. वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला मान गांधीजींनी नेहरूंस न देता, देशात फारशा कोणास ठाऊक नसलेल्या या माणसास दिला. ब्रिटिशांच्या युद्धास माणसांनी वा पैशाने साहाय्य करणे अयोग्य आहे, युद्धमात्राचा प्रतिकार अहिंसेनेच करावा, एवढेच त्यांस सांगावयाचे होते. चार दिवस ते गावोगाव बोलत हिंडले. २१ तारखेस देवळी येथे त्यांस अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा ठोठावण्यात आली. सुटून आल्यावर त्यांनी पुन्हा तेच केले.

वकिलाच्या नजरेस येथे एक बारकावा दिसतो, आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे. सप्टेंबरअखेर सिमल्यास गांधीजी व व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या भेटी झाल्या. व्हाइसरॉयांनी सरसकट नकार दिला नव्हता. इंग्लंडात ज्याची सदसद्विवेकबुद्धी लढण्यास नकार देते, त्यास लढाईतून मोकळीक मिळते व आपली श्रद्धा जाहीरपणे सांगताही येते. तेवढी सवलत येथेही राहील, मात्र सैनिकास वा दारूगोळ्याच्या कारखान्यातील कामगारास काम सोडावयास सांगता येणार नाही, अशी त्यांची रेषा होती. वरवर पाहता रेषा वाजवी आहे. परंतु समोरच्याचे मन वळविण्याची मुभा नसलेले भाषण म्हणजे काय? ते स्वगत होय. शिवाय इंग्लंडने युद्ध पार्लमेंटास जबाबदार असलेल्या आपल्या सरकारमार्फत पुकारले होते. हिंदुस्थान मात्र ३ सप्टेंबर १९३९ रोजी कोणास न विचारता युद्धात ओढला गेला होता. ज्यास संमती विचारली नाही त्यास असंमती बोलून दाखविण्याचीही बंदी, हे कोणत्या न्यायात बसते? गांधीजींनी ती रेषा मान्य केली नाही. पुढे वृत्तपत्रांवरही बंधने आली, तेव्हा त्यांनी 'हरिजन' साप्ताहिके स्वतःच थांबविली.

सरकारचा दोष सांगणे सोपे आहे. अवघड भाग पुढेच आहे. ७ सप्टेंबरपासून लंडनवर रात्रंदिवस बॉम्ब पडत होते. जुलैत गांधीजींनी ब्रिटिशांस शस्त्रे खाली ठेवण्याचे आवाहन केले, त्यावर टीकेची झोड उठली. आमच्यातही मतैक्य नव्हते. सावरकर तरुणांस सैन्यात शिरण्यास सांगत होते, डॉ. आंबेडकर आणि मानवेंद्रनाथ रॉय यांस हिटलरचा पराभव अधिक निकडीचा वाटत होता. खुद्द काँग्रेसने जुलैत पुण्यास अटींवर सहकार्य देऊ केले होते. सामुदायिक लढ्याची वाट पाहणाऱ्या जहालांस विनोबांचा एकाकी सत्याग्रह मिळमिळीत वाटला. आमचे स्वतःचे मत विचाराल तर, हिटलरपुढे केवळ अहिंसेने निभावले असते असे आम्हांस वाटत नाही. परंतु विनोबांचे मत चुकीचे होते असे मानूनही त्यांस तुरुंगात घालण्याचे कारण आम्हांस सापडत नाही. १९४१ च्या मध्यापर्यंत वीस हजारांहून अधिक माणसे त्यांच्या मागोमाग तुरुंगात गेली होती.

कायद्याची पुढील वाट वाकडीतिकडीच आहे. १९४२ साली फेडरल कोर्टाने निहारेंदु दत्त मजुमदार खटल्यात, अव्यवस्थेकडे कल असल्याखेरीज राजद्रोह होत नाही असे ठरविले. १९४७ साली सदाशिव नारायण भालेराव खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ते मोडीत काढले. आणि १९६२ साली केदारनाथ सिंग खटल्यात आमच्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा फेडरल कोर्टाचीच बाजू घेतली.

परंतु न्यायालय सरकारचा हात धरू शकते. सभामंडपाचा कोण धरणार? १९९९ साली कारगिलच्या युद्धाच्या दिवसांत एका देवळात कीर्तन होते. बुवांनी गांधारीचा विलाप लावला होता. बोलता बोलता ते म्हणाले की सीमेपलीकडेही आया रडत असतील. कोणी ओरडले, मग दहाजण ओरडले, आणि व्यवस्थापकांपैकी एकाने बुवांस आरती उरकून घेण्यास सांगितले. आम्ही तेव्हा कायद्याचे विद्यार्थी होतो. घटनेचे कलम १९ पोटकलमांसह पाठ होते. आम्ही मांडी घालून बसलो होतो, ते तसेच बसून राहिलो. बुवांनी चिपळ्या पिशवीत घातल्या, देवास नमस्कार केला आणि ते उतरून गेले. त्या मंडपात ते पुन्हा कीर्तनास आले नाहीत.