अ‍ॅक्सोलॉटलच्या पिलांचा पहिला घास : एका जिवंत खाद्याची कुळकथा

मेक्सिकोतील सोचिमिल्को सरोवराचा मूळ रहिवासी असलेला अ‍ॅक्सोलॉटल हा उभयचर प्राणी मोठेपणीही बाहेरचे कल्ले न टाकता आयुष्यभर पाण्यातच राहतो, आणि माणसांनी पाळलेल्या त्याच्या वंशाचा उगम मुख्यतः १८६४ साली पॅरिसला आणलेल्या ३४ प्राण्यांत आहे. त्यांपैकी सहा प्राणी प्राणिशास्त्रज्ञ ऑग्यूस्त द्युमेरील यांना मिळाले व १८६५ मध्ये त्यांच्याकडे अंडी घातली गेली, तेव्हापासून पिले जगवण्याचा प्रश्न पाळणाऱ्यांपुढे उभा राहिला. अंड्यातून निघालेले सुमारे एक सेंटिमीटर लांबीचे पिलू दोन-तीन दिवस पोटातील बलकावर निभावते. पुढे मात्र हलणाऱ्या भक्ष्यावरच ते झडप घालते, आणि उपाशी राहिल्यास शेजारच्या पिलाचे पाय तोडते.

तळ्यातील डॅफ्नियासारखे सूक्ष्म जीव ही गरज भागवीत असले, तरी ते हवे तेव्हा मिळण्याची शाश्वती नसते. ही अडचण आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील चिमुकल्या कवचधारी जीवाने दूर केली. कारण त्याची कठीण कवचाची सुप्त अंडी कोरडी साठवता येतात आणि खाऱ्या पाण्यात घातल्यावर सुमारे दिवसभरात उबतात. माशांच्या पिलांना आर्टेमियाची नवजात पिले चारता येतात, हे १९३३ मध्ये अमेरिकेत अ‍ॅल्विन सील यांनी व १९३९ मध्ये नॉर्वेत गुन्नार रोलेफसेन यांनी दाखवून दिले. भारतात हा जीव आढळल्याची नोंद मुंबईच्या वडाळ्याच्या मिठागरांतून झाली; मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी ती १९५३ मध्ये तारापोरवाला सागरी जीवशास्त्र केंद्राच्या अहवालात प्रसिद्ध केली.

तापीकाठच्या बऱ्हाणपुरासारख्या गावात, जिथे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, या दोन जीवांच्या गरजा परस्परविरुद्ध ठरतात. आर्टेमियाची अंडी सुमारे २८ अंश सेल्सिअसला उत्तम उबतात, तर अ‍ॅक्सोलॉटलला १६ ते १८ अंशांचे गार पाणी मानवते. म्हणून तेथे खाद्य निपजवण्यापेक्षा पाणी थंड राखणेच अधिक कठीण असते. आर्टेमिया गाळून व गोड्या पाण्यात धुऊनच चारावा लागतो, आणि गोड्या पाण्यात तो काही तासांतच मरत असल्याने उरलेले खाद्य रोज काढून पाणी बदलावे लागते. पिलू वाढून त्याला मागचे पाय फुटले, की ते गांडुळाचे बारीक तुकडे आणि हळूहळू न हलणारे दाणेही घेऊ लागते, आणि जिवंत खाद्याची गरज तेथे संपते.