अमेरिकेतील कॅथलिक हायस्कूल आणि परिसरातील सरकारी शाळा : पालकांपुढील निवड

भारतात ‘पब्लिक स्कूल’ हे नाव बहुधा खाजगी शाळांच्या फलकावर आढळते. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ नेमका उलट आहे. तेथे पब्लिक स्कूल म्हणजे करदात्यांच्या पैशावर चालणारी, फी न घेणारी आणि आपल्या हद्दीत राहणाऱ्या मुलाला प्रवेश देण्यास कायद्याने बांधील असलेली सरकारी शाळा होय. नववी ते बारावी या चार वर्षांसाठी मुलाला याच शाळेत पाठवावे, की फी भरून कॅथलिक हायस्कूलमध्ये घालावे, हा प्रश्न मूल आठवीत गेले की अनेक कुटुंबांपुढे उभा राहतो. न्यू जर्सी राज्यात एडिसन, जर्सी सिटी या परिसरात भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली आहेत. त्यांतील मराठी कुटुंबांनाही ही निवड चुकलेली नाही.

कॅथलिक शाळांचा उगम एका जुन्या तक्रारीत आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी सरकारी शाळांमधून प्रोटेस्टंट पंथाचे बायबल वाचले जात असे. आयर्लंड, जर्मनी, इटली येथून आलेल्या कॅथलिकांना ते मान्य नव्हते. १८८४ मध्ये बाल्टिमोर येथे भरलेल्या धर्मपरिषदेने प्रत्येक चर्चने आपली शाळा काढावी असा आदेश दिला. पुढे ऑरेगन राज्याने सर्व मुलांना सरकारी शाळेतच पाठविण्याची सक्ती करणारा कायदा केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्ये तो रद्द ठरविला. मुलांच्या शिक्षणाची दिशा ठरविण्याचा पालकांचा अधिकार याच निकालाने प्रस्थापित झाला.

१९६० च्या दशकाच्या प्रारंभी या शाळांची भरभराट झाली होती. सुमारे १३ हजार शाळांतून ५२ लाख विद्यार्थी शिकत होते. आज सहा हजारांहून कमी शाळा आणि सुमारे १७ लाख विद्यार्थी उरले आहेत. पूर्वी नाममात्र मानधनावर शिकविणाऱ्या धर्मभगिनींची संख्या घटली. आता या शाळांतील ९७ टक्क्यांहून अधिक कर्मचारी पगारदार, संसारी माणसे आहेत. पगार वाढले, तशी फी वाढली, आणि फी वाढली तशी कामगार वस्तीतील कुटुंबे दुरावली. जी शाळा गरीब स्थलांतरितांसाठी निघाली, ती त्यांनाच परवडेनाशी झाली, ही या इतिहासातील विसंगती म्हणावी लागेल.

खर्चाचा हिशेब

न्यू जर्सीतील बहुतेक कॅथलिक हायस्कूलांची वार्षिक फी दहा हजार डॉलरच्या वर आहे आणि काहींची त्याच्या कित्येक पट आहे. भावंडांसाठी सवलत, गुणवत्तेवर शिष्यवृत्ती आणि उत्पन्नानुसार साहाय्य मिळू शकते. म्हणून छापील फी पाहून निर्णय घेणे योग्य नसते. दुसरीकडे सरकारी शाळा विनामूल्य आहे, हेही अर्धसत्यच. तिचा मोठा खर्च घरांवरील मालमत्ता करातून भागतो आणि हा कर न्यू जर्सीत अतिशय जड आहे. नावाजलेल्या शाळांच्या हद्दीत घरांच्या किमतीही चढ्या असतात. मुलाला कॅथलिक शाळेत घातले म्हणून कराची सूट मिळत नाही. अशा कुटुंबाला दोन्हींचा भार उचलावा लागतो.

मात्र एक दिलासा याच राज्यातून देशाला मिळाला. न्यू जर्सीतील ईविंग गावाच्या शिक्षण मंडळाने कॅथलिक शाळेत जाणाऱ्या मुलांचे बसभाडे पालकांना परत केले. त्याविरुद्ध एका करदात्याने दाद मागितली. १९४७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही परतफेड वैध ठरविली. बसची सोय म्हणजे धर्माला मदत नव्हे, ती मुलांच्या सुरक्षित प्रवासाची व्यवस्था होय, असा त्याचा आशय होता. आजही या राज्यात ठराविक अंतराच्या अटीत बसणाऱ्या खाजगी शाळेच्या विद्यार्थ्याला बस किंवा तिच्या बदल्यात रक्कम मिळते. पाठ्यपुस्तके आणि शाळेतील परिचारिका यांसाठीही राज्य निधी देते. फीसाठी सरकारी पैसा देण्याची योजना ओहायोसारख्या राज्यांत आहे आणि २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली, परंतु न्यू जर्सीत तशी योजना नाही.

हक्क आणि करार

पालकांचे लक्ष बहुधा फी आणि निकालांकडे असते. त्याहून मूलभूत फरक कायद्याचा आहे, आणि तो अनेकदा अडचण आल्यावरच कळतो. सरकारी शाळेत मुलाला राज्यघटनेचे संरक्षण असते. १९७५ च्या एका निकालानुसार मुलाला काही दिवसांसाठी शाळेतून काढायचे असले, तरी आरोप सांगून त्याचे म्हणणे ऐकावे लागते. खाजगी शाळेत पालक व शाळा यांचे नाते कराराचे असते. प्रवेश कोणाला द्यावा, शिस्तीचे नियम कोणते असावेत आणि कोणाला पुढील वर्षी घेऊ नये, हे बव्हंशी शाळाच ठरविते. शिस्त हवी म्हणून कॅथलिक शाळा निवडणाऱ्या पालकांनी त्या शिस्तीची ही बाजूही ध्यानात घ्यावी लागते.

अपंगत्व किंवा शिकण्यातील अडचण असलेल्या मुलाच्या बाबतीत हा फरक अधिक तीव्र होतो. १९७५ मध्ये झालेल्या संघराज्याच्या कायद्यानुसार अशा मुलासाठी स्वतंत्र आराखडा आखून विनामूल्य सेवा देणे सरकारी शाळेवर बंधनकारक आहे. पालकांनी स्वेच्छेने खाजगी शाळा निवडल्यास काही मर्यादित सेवा मिळतात, परंतु पूर्ण सेवांवरचा वैयक्तिक हक्क राहत नाही.

धर्माच्या बाबतीत अमेरिकी कॅथलिक शाळांतील सुमारे पाचवा हिस्सा विद्यार्थी कॅथलिकेतर आहेत. हिंदू मुलांना प्रवेश मिळतो. धर्मशिक्षणाचा तास मात्र सर्वांना करावा लागतो आणि मिस्सेच्या वेळी उपस्थित राहणे सहसा अपेक्षित असते. कम्युनियन घेण्याची अपेक्षा नसते, ते कॅथलिकांसाठीच असते. मुंबईत किंवा पुण्यात मिशनरी शाळेत शिकलेल्या पालकांना हे वातावरण अपरिचित वाटत नाही. परंतु त्यांच्या आठवणीतील शाळेला भारतात अनेकदा सरकारी अनुदान होते, येथील शाळेला शिक्षकांच्या पगारासाठी तसे अनुदान नाही.

शिक्षण खरोखर सरस असते काय, यावर दीर्घ वाद झाला आहे. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये कॅथलिक हायस्कूलमधील मुले पुढे असल्याचे मांडले. फी भरणाऱ्या घरांतील मुले मुळातच पुढे असतात, हा आक्षेप त्यावर आला. २००५ मध्ये जोसेफ अल्टोंजी, टॉड एल्डर आणि ख्रिस्तोफर टेबर या अर्थशास्त्रज्ञांनी ही निवड लक्षात घेऊन पाहणी केली. हायस्कूल पूर्ण करण्याचे प्रमाण वाढते याला त्यांना ठोस आधार मिळाला, चाचणीतील गुण वाढतात याला मिळाला नाही. म्हणजे मूल शाळा अर्धवट सोडण्याचा धोका जेथे मोठा, तेथे या शाळांचे मोल अधिक. सधन उपनगरातील, बारावी पूर्ण करणारच अशा मुलासाठी ते तितके स्पष्ट नाही.

भारतीय कुटुंबे बहुधा अशाच उपनगरांत राहतात. त्यांच्या सरकारी शाळांचा दोष असलाच, तर तो अतिस्पर्धेचा असतो. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो या आशियाई वस्तीच्या भागात २०१५ मध्ये शाळा अधीक्षकांनी मुलांवरील ताणाविषयी पालकांना पत्र लिहिले आणि हायस्कूलच्या सहामाही व वार्षिक परीक्षा रद्द झाल्या. त्यावर पालकांत तीव्र मतभेद झाले. मोठ्या सरकारी शाळेत प्रगत विषयांची निवड विपुल असते, पण लाजरे मूल त्या गर्दीत हरवू शकते. लहान कॅथलिक शाळेत प्रत्येक शिक्षक मुलाला नावाने ओळखतो, विषय मात्र मोजके असतात. याशिवाय जर्सी सिटीसारख्या शहरात तिसरा मार्गही आहे. तेथे १८७२ पासून चालत आलेले जेझुइटांचे सेंट पीटर्स प्रेप हे मुलांचे हायस्कूल आहे, आणि निवडक प्रवेशाचे, फी न घेणारे मॅकनेअर अकॅडमिक हे सरकारी हायस्कूलही आहे.

शाळेची आर्थिक स्थितीही विचारून घ्यावी लागते. बास्केटबॉलसाठी देशभर गाजलेले जर्सी सिटीचे सेंट अँथनी हायस्कूल २०१७ मध्ये पैशाअभावी बंद पडले आणि तेथील मुलांना मधूनच दुसरी शाळा शोधावी लागली. कॅथलिक हायस्कूलच्या प्रवेशाची प्रक्रिया आठवीच्या वर्षात, साधारणतः प्रवेश परीक्षेने सुरू होते आणि ठराविक मुदतीत पार पडते. सरकारी शाळेला अशी मुदत नाही. निवासाचा पुरावा दाखविल्यास वर्षाच्या मध्येही, कोणत्याही इयत्तेत, तेथे प्रवेश घेता येतो.