खण, आकडा आणि चाळणी

जरीपटका म्हणजे मराठ्यांचं जरीचं निशाण. नागपुरात मात्र हे नाव घेतलं की फाळणीनंतर सिंधी कुटुंबांनी वसवलेली वस्ती डोळ्यांपुढे येते. तिथला पत्ता मराठीत लिहा, हिंदीत लिहा, नाहीतर अरबी वळणाच्या सिंधीत. खाली ४४००१४ असलं की टपालखात्याला वाट सापडते.

१५ ऑगस्ट १९७२ पूर्वी ही वाट सॉर्टरच्या डोक्यात असायची. समोर लाकडी खण, हातात पत्रांचा गठ्ठा. गाव वाचायचं, खणात सरकवायचं. धावत्या गाडीतल्या टपाल डब्यातही हेच. पण एकाच नावाची गावं देशभर, आणि अक्षरं कुठल्या लिपीतली असतील याचा नेम नाही. दळणवळण खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी हे डोक्यातलं ज्ञान सहा आकड्यांत बसवलं. ४४० पर्यंत वाचलं की नागपूर. उरलेल्या तिनांत ००१ म्हणजे जीपीओ, ०१४ म्हणजे जरीपटका. वेलणकर संस्कृतचे कवी आणि नाटककार. सूत्रांत बोलायची सवय असलेल्या माणसाला हे सुचलं, याचं मला तरी नवल वाटत नाही.

ई-मेल आली आणि खणांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९९० सालचा ‘प्रोकमेल’ हा प्रोग्राम पत्रं वेगळी करायचा, पण त्याचे नियम गूढ, शिवाय त्यातून सर्व्हरवर हवा तो दुसरा प्रोग्राम चालवता येई. हजारोंचं टपाल सांभाळणाऱ्या सर्व्हरवर अशी मोकळीक कोण देणार? कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सायरस’ हा मेल सर्व्हर घडत होता, तिथे काम केलेल्या टिम शोवॉल्टर यांनी लिहिलेलं ‘सीव्ह’ भाषेचं प्रमाण जानेवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. सीव्ह म्हणजे चाळणी. विषयात अमुक शब्द असेल तर तमुक खणात टाक, पुढे धाड किंवा फेकून दे, एवढंच तिला कळतं. एकच काम फिरून फिरून करायला लावणारं ‘लूप’ तिच्यात मुद्दाम ठेवलेलं नाही. हा कंजूषपणाच तिला टिकवून गेला. जानेवारी २००८ मध्ये प्रमाण सुधारलं, पण लूप आत आलं नाही.

नियम लिहिले तरी ते वाचून अमलात आणणारा दुभाषी, म्हणजे इंटरप्रिटर, लागतो. ‘डोव्हकॉट’ या सर्व्हरने आधी सायरसचाच दुभाषी उसना घेतला होता. नंतर नेदरलँड्सच्या स्टेफान बॉश यांनी नवा लिहिला. तो नियमावली दर वेळी नव्याने वाचत बसत नाही. एकदा वाचून तिचं यंत्राला सोयीचं रूप करून ठेवतो. त्याचं नाव ‘पिजनहोल’. डोव्हकॉट म्हणजे कबुतरखाना आणि पिजनहोल त्यातला कप्पा. सॉर्टरच्या लाकडी खणालाही इंग्रजीत हाच शब्द.

या चाळणीचा एक नियम सॉर्टरलाही पटला असता: कुठलीच अट लागू पडली नाही किंवा नियमावलीच मधे अडखळली, तर पत्र टाकून द्यायचं नाही, इनबॉक्समध्ये ठेवायचं.