ब्लूटूथ लावलं, पण गाण्यासोबत शिट्टीही ऐकू येते? घरगुती अॅडॉप्टरचा दोष असा शोधा

जुन्या गाडीच्या स्टिरिओला ऑक्सची सोय असते, पण ब्लूटूथ नसतं. मग अनेक जण बाजारातून ब्लूटूथ ऑडिओ मॉड्यूल आणतात, त्याला ५ व्होल्टचा कन्व्हर्टर जोडतात आणि घरीच अॅडॉप्टर बनवतात. टेबलावर तो छान वाजतो. गाडीत बसवला की तक्रारी सुरू होतात. त्यातल्या नेहमीच्या तक्रारी आणि त्यांची कारणं पाहूया.

शिट्टीसारखा आवाज का येतो?

अॅक्सिलरेटर दाबल्यावर शिट्टीचा सूर चढत असेल, तर तो आवाज अल्टरनेटरचा आहे. मॉड्यूलची अर्थ दोन वाटांनी स्टिरिओशी जोडली जाते: एक सप्लायच्या वायरमधून, दुसरी ऑक्सच्या वायरमधून. या दोन वाटांचं वेटोळं तयार होतं आणि गाडीतला विजेचा गोंगाट त्यातून गाण्यात शिरतो. याला ग्राउंड लूप म्हणतात.

खात्री करायला मॉड्यूल थोडा वेळ पॉवर बँकेवर चालवा. शिट्टी थांबली, तर दोष सप्लायच्या वाटेत आहे. उपाय दोन आहेत. ऑक्सच्या वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा, किंवा मॉड्यूलच्या आधी आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर बसवा. दुसऱ्या उपायात कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजूंच्या अर्थ एकमेकींना जोडू नका, नाहीतर उपयोग शून्य.

मॉड्यूल गरम होतं किंवा बंद पडतं

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात, पण इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट मिळतात. ७८०५ सारखा रेग्युलेटर वापरला असेल, तर उरलेले ९ व्होल्ट तो उष्णतेच्या रूपात घालवतो. १०० मिलिअँपिअरलाच ०.९ वॅट उष्णता होते. त्याऐवजी बक कन्व्हर्टर वापरा. मॉड्यूल जोडण्याआधी त्याचं आउटपुट मल्टिमीटरवर ५ व्होल्ट आहे ना, हे तपासा. सेल मारताना व्होल्टेज खाली जातं, त्यामुळे तेवढ्यापुरतं कनेक्शन तुटलं तर घाबरू नका.

एकाच बाजूचा स्पीकर वाजतो

जॅकचं सोल्डरिंग पाहा. तीन भागांच्या जॅकमध्ये टोक डाव्या चॅनेलचं, मधलं कडं उजव्याचं आणि मागचा भाग अर्थचा असतो.

कनेक्शन सारखं तुटतं

मॉड्यूल स्टिरिओच्या मागे, धातूच्या पेटीला चिकटून बसवलंय का? धातू ब्लूटूथचे २.४ गिगाहर्ट्झचे सिग्नल अडवतो. मॉड्यूल प्लास्टिकच्या डबीत घालून डॅशबोर्डच्या कडेला आणा.

सकाळी गाडी सुरूच होत नाही

मॉड्यूलचा सप्लाय कायम चालू असलेल्या वायरवरून घेतला असेल, तर गाडी बंद असतानाही ते बॅटरी खातं. समजा, मॉड्यूल ५० मिलिअँपिअर घेतं. दिवसाला १.२ अँपिअर-अवर झाले. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीतून दहा दिवसांत १२, म्हणजे एक तृतीयांश चार्ज गेला. म्हणून सप्लाय चावी फिरवल्यावरच सुरू होणाऱ्या, म्हणजे एसीसी वायरवरून घ्या. बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंना पिवळी वायर कायम सप्लायची आणि लाल एसीसीची असते. कंपनीच्या वायरिंगमध्ये रंग वेगळे असू शकतात, म्हणून मल्टिमीटरने तपासूनच हात लावा.

हे विसरू नका

सप्लायच्या वायरला सुरुवातीलाच १ अँपिअरचा फ्यूज लावा. फ्यूज नसताना वायर घासून बॉडीला टेकली, तर ती लाल होऊन आग लागू शकते. काम करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एअरबॅगच्या वायरिंगला अजिबात हात लावू नका. ते बहुधा पिवळ्या आवरणात असतं.

आणि व्हिडिओत ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो? तो दोष तुमच्या सोल्डरिंगचा नाही. ब्लूटूथला आवाज पोहोचवायला थोडा वेळ लागतोच.