ऐकलेलं लिहून ठेवा

गीतरामायण १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. त्यातली ५६ गीतं पुस्तकात आली, सुधीर फडके ती गावोगाव गायले, म्हणून टिकली. मुंबई केंद्राचं 'पुन्हा प्रपंच' मात्र आज कितीजणींना ठाऊक? नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, बाळ कुडतरकरांचे पंत, प्रभाकर जोशींचे टेकाडे भावोजी! बायका काम करता करता त्यांचं बोलणं ऐकायच्या. तेव्हा टेप महाग, पुसून पुन्हा वापरायची रीत. असे किती आवाज गेले!

आपली श्रुतपंचमी आठवा. ऐकलेलं विसरत चाललं, म्हणून पुष्पदंत-भूतबलींनी षट्खंडागम लिहिला. मुंबईकडून ग्वाल्हेरला सून होऊन आलेल्या आजींना मीनावहिनी अजून आठवत असतील. वही घेऊन त्यांच्यापाशी बसा. उशीर नको, बायांनो.